एकोणचाळीस नंबरचा बावटा

दहावी 'ब'च्या वर्गात मी एकदा फळ्यावर पाच इंग्रजी वाक्प्रचार लिहिले आणि वाक्यात उपयोग करून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एका पोराने 'टर्न अ ब्लाइंड आय'च्या पुढे स्वतःच्या सोयीसाठी पेन्सिलीने, बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहून ठेवला होता : आंधळा डोळा फिरवणे. आणि त्याखाली शाईने इंग्रजी वाक्य. माझे आजोबा रोज सकाळी बंदरावर आंधळा डोळा फिरवतात.

मला हसू आलं नाही, कारण त्याच्या आजोबांना मी ओळखत होतो. उजव्या बुबुळावर दुधाची साय धरावी तसा मोतीबिंदू पिकलेला. रोज सकाळी जेटीवर उभे राहून ते मान पार उजवीकडे वळवायचे, म्हणजे डावा डोळा समुद्राच्या रेषेत यायचा. समोरून बघणाऱ्याला वाटे, म्हातारा आंधळा डोळाच फिरवतोय. पोराने जे पाहिलं ते लिहिलं होतं. व्याकरणही बरोबर होतं. मी अर्धा गुण दिला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आख्खा तास घेतला.

या वाक्प्रचाराचा मराठी जोडीदार शोधायला लांब जावं लागत नाही. काणाडोळा करणे. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. छापील मजकुरात 'कानाडोळा' हेही रूप सर्रास दिसतं. हा न-ण चा घोळ शुद्धलेखनवाल्यांना सलत असेल, मला आवडतो. त्यात फुकटात कानही येतो. पाहिलं नाही आणि ऐकलंही नाही. डोळेझाक मात्र वेगळी. डोळेझाकीत मांजर दूध पिताना मिटतं तसे दोन्ही डोळे मिटलेले असतात. काणाडोळ्यात एक डोळा टक्क उघडा असतो, आणि बघायचं कुठे नाही हे त्यालाच नेमकं ठाऊक असतं. वर्तमानपत्रवाले हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. 'एलईडी मासेमारीकडे प्रशासनाचा काणाडोळा' हा मथळा आमच्याकडे दर हंगामाला नव्याने छापून येतो, जुना टाइप तसाच ठेवला असावा इतक्या नेमाने.

तर तो तास. आमची शाळा जरा उंचावर होती. पश्चिमेच्या खिडक्यांतून जेटी दिसायची, पाणी दिसायचं, आणि बंदर कचेरीपुढचा तो उंच खांब. त्या खांबावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढला की निम्मा वर्ग गप्प व्हायचा, कारण कुणाचा बाप, कुणाचा काका पाण्यात असायचा. तीन नंबरचा बावटा म्हणजे काय हे या पोरांना बाराखडीच्या आधी कळलेलं. म्हणून मी गोष्ट बावट्यापासूनच सुरू केली. म्हटलं, हा एकोणचाळीस नंबरच्या बावट्याचा किस्सा आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढे नंबर नसतात." म्हटलं, त्यांच्यात असायचे.

२ एप्रिल १८०१. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध जुंपलेलं होतं, आणि फ्रान्सकडे माल नेणारी तिऱ्हाइतांची जहाजंही इंग्रज वाटेत अडवून झडत्या घेत. त्याला वैतागून रशिया, स्वीडन, डेन्मार्क आणि प्रशिया यांनी जूट केली. बाल्टिक समुद्राचं दार बंद झालं असतं तर इंग्रज आरमाराची पंचाईत होती. त्यांच्या डोलकाठ्यांचं लाकूड, दोरखंडांचा वाख, डांबर, बरंचसं तिकडूनच यायचं. म्हणून त्यांनी ताफा धाडला. मोठा नाखवा सर हाइड पार्कर, साठी ओलांडलेला. काही महिन्यांपूर्वीच त्याने अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं आणि त्याचा पाय बंदरातून निघता निघत नव्हता. (हे मी वर्गात सांगितलं नाही, इथे सांगतो.) त्याच्या हाताखाली दुसऱ्या नंबरचा होरेशिओ नेल्सन, वय बेचाळीस.

हा नेल्सन पोरवयात आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेला होता. 'सीहॉर्स' नावाच्या लढाऊ जहाजावर तो १७७३ मध्ये पूर्वेकडे निघाला, मद्रास पाहिलं, कलकत्ता पाहिलं, मुंबई पाहिली, आणि तापाने असा खंगला की १७७६ मध्ये त्याला मायदेशी परत पाठवावं लागलं. मुंबईहून दक्षिणेला जाणारं गलबत सुवर्णदुर्गासमोरूनच जाणार. तेव्हा एक काटकुळा इंग्रज पोरगा आपल्या डाव्या हाताला हा किल्ला बघत गेला असणार, एवढं सांगितल्यावर पोरांनी त्याला लगेच आपल्यात घेतला.

डाव्या हाताला म्हणालो खरा, पण पुढे त्याच्याकडे तेवढाच हात उरला. उजवा हात १७९७ मध्ये तेनेरीफच्या चढाईत गेला. त्याआधी, जुलै १७९४ मध्ये, कॉर्सिका बेटावर काल्वीच्या वेढ्यात शत्रूचा गोळा तटावर आदळला आणि उडालेली खडी-माती त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा फुटला नाही. बाहेरून तो धडच दिसायचा. उजेड-अंधार तेवढा कळायचा, बाकी काही नाही. चित्रांत आणि सिनेमांत त्याच्या डोळ्यावर काळी पट्टी दाखवतात ती त्याने कधी बांधलीच नव्हती. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात खांबावर उभा आहे त्या पुतळ्यालाही पट्टी नाही. हे सांगायचं कारण असं की, समोरच्याला हा डोळा आंधळा आहे हे पाहून कळायचं नाही. ते ज्याला ठाऊक होतं त्यालाच ठाऊक होतं.

कोपनहेगनसमोर समुद्रात 'मिडल ग्राउंड' नावाचा वाळूचा मोठा दांडा आहे. दांडा आणि शहर यांच्यामधून एक चिंचोळी खोल वाट जाते. त्या वाटेत डेन्मार्कच्या लोकांनी आपली जहाजं, काहींच्या तर डोलकाठ्याही उतरवलेल्या, एका ओळीत नांगरून तरंगता तट उभा केला होता. उत्तरेच्या तोंडाशी 'ट्रेक्रोनर' हा समुद्रातला तोफांचा बुरूज. वाट दाखवणारी बोयं त्यांनी आधीच काढून टाकलेली. आता पाणी किती आहे ते कळणार कसं? आदल्या रात्री हार्डी नावाचा कप्तान छोट्या होडीतून अंधारात थेट डॅनिश जहाजाच्या अंगाला जाऊन आला. शिशाचं वजन पाण्यात टाकलं तर डुबुक् आवाज होतो, म्हणून त्याने लांब काठी वापरून तळ चाचपला. वर्गात या जागी एकदम कुजबुज झाली. खाडीत रात्री होडी काढताना बांबूने पाणी बघणारी पोरं ती. नेल्सनपेक्षा त्यांना हा हार्डी जास्त पटला.

नेल्सनने आपलं मोठं जहाज मागे सोडलं आणि कमी पाण्यात चालणाऱ्या 'एलिफंट'वर मुक्काम हलवला. कप्तान टॉमस फोली. दक्षिणेचा वारा धरून बारा मोठी जहाजं त्या वाटेत शिरायला निघाली, आणि सुरुवातच अपशकुनी झाली. 'ॲगामेम्नन' दांड्यावर बसलं. मग 'बेलोना' बसलं. मग 'रसेल'. सकाळी दहाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या त्या दुपारी एक वाजला तरी थांबेनात.

पार्कर बाकीचा ताफा घेऊन उत्तरेला काही मैलांवर थांबला होता. मी फळ्यावर शहर काढलं, दांडा काढला, खाली नेल्सन, वर पार्कर, आणि दक्षिणेकडून वाऱ्याचा बाण. बाण पुरा व्हायच्या आत पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग मोठा नाखवा मदतीला येणारच कसा? वारा तोंडावर." मी फळ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं ही गोष्ट मी सांगत आलो होतो आणि वाऱ्याचा हा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. पार्करला धूर दिसत होता, रुतलेली जहाजं दिसत होती, आणि हाताची घडी घालून बघण्यापलीकडे त्याला करण्यासारखं एकच होतं : बावटा. दुपारी सव्वा-दीडच्या सुमारास त्याने एकोणचाळीस नंबरचा बावटा चढवला. अर्थ एवढाच, लढाई थांबवा.

'एलिफंट'वर एक कर्नल होता, विल्यम स्ट्युअर्ट, सोबत आलेल्या पलटणीचा मुख्य. पुढचं आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः त्याच्या सांगण्यावरून. निशाणांवर नजर ठेवणाऱ्या लेफ्टनंटने नेल्सनला कळवलं की एकोणचाळीस लागलाय. नेल्सन येरझाऱ्या घालत राहिला. पुन्हा समोर आला तेव्हा लेफ्टनंटने विचारलं, हा बावटा आपणही चढवू का? तशी रीत होती; मुख्य जहाजाचा बावटा पाहून बाकीच्यांनी तो आपापल्या काठीवर चढवायचा, म्हणजे धुरातून पार टोकाच्या जहाजाला दिसतो. नेल्सन म्हणाला, नाही, फक्त पोच द्या. मग त्याने विचारलं, आपला सोळा नंबरचा बावटा वर आहे ना अजून? सोळा म्हणजे शत्रूला आणखी जवळून भिडा. आहे म्हटल्यावर बोलला, मग तो तसाच राहू द्या. मग तुटक्या उजव्या हाताचं थोटूक हलवत (चिडला की ते हलायचं, सगळ्यांना माहीत होतं) तो फोलीकडे वळला : "तुम्हाला ठाऊकच आहे फोली, मला एकच डोळा आहे. कधीमधी आंधळं व्हायचा मला हक्क आहे." आणि दुर्बीण उजव्या डोळ्याला लावून म्हणाला, "खरंच, मला तो बावटा दिसत नाही."

दुर्बिणीचा प्रसंग जगभर गाजला. माझं मन अडकतं ते त्याच्या आधीच्या शब्दावर. पोच. नेल्सनने पोच दिली होती! तुमचा बावटा आम्हाला दिसला, असं 'एलिफंट'ने रीतसर कळवलं होतं. त्यानंतरची दुर्बीण ही जहाजावरच्या माणसांसाठी केलेली गंमत होती. सरकारी पत्रव्यवहार ज्याने पाहिलाय त्याला यात नवल वाटायचं नाही. अर्जावर आवकचा शिक्का बसतो, तारीख पडते, पोच मिळते. आणि मग आंधळा डोळा.

त्याचं धाडस काय पणाला लावून होतं तेही सांगायला हवं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, १७५७ मध्ये, बिंग नावाच्या इंग्रज ॲडमिरलला त्यांनी आपल्याच आरमारातल्या एका जहाजाच्या डेकवर गोळ्या घालून मारलं होतं, आणि तेही हयगयीच्या आरोपावरून. हुकूम मोडून नेल्सन हरला असता तर त्याच्यासाठी पट्टी शोधावी लागली असती, दोन्ही डोळ्यांवर बांधायची. पण त्याचा हिशेब अगदीच बेभरवशाचा नव्हता. आल्या वाटेने दक्षिणेला परतणं वाऱ्यामुळे अशक्य. निघायचं तर उत्तरेला, म्हणजे अजून थंड न झालेल्या ट्रेक्रोनरच्या तोफांखालून, एका अंगाला दांडा. हुकूम पाळणं हेच जास्त घातकी होतं. तिसऱ्या नंबरचा सरदार ग्रेव्हज याने तर दोन्ही निशाणं फडकवली. एकोणचाळीस अशा जागी लावला की जवळच्यांना नीट दिसू नये, आणि सोळा मुख्य डोलकाठीच्या शेंड्यावर तसाच ठेवला. दोन बावटे लावून बसणारी अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात आणि बहुतेक सुखरूप निवृत्त होतात.

एका माणसाला मात्र आंधळा डोळा नव्हता. कप्तान एडवर्ड रिऊ, जहाज 'ॲमेझॉन', लहान जहाजांच्या तुकडीचा म्होरक्या. मोठी जहाजं रुतल्यामुळे ट्रेक्रोनरसमोरची जागा मोकळी पडली होती, ती त्याने आपल्या हलक्या जहाजांनिशी भरून काढली. त्या बुरुजापुढे ही जहाजं म्हणजे जात्यापुढे सुपातले दाणे. त्यांना पार्करचं जहाज सगळ्यांत जवळ, बावटा स्वच्छ दिसला. रिऊला डोक्यात फळकुटाची ढलपी लागून जखम झाली होती, तो एका तोफेवर बसून हुकूम देत होता. त्याने माघारीचा हुकूम दिला. देताना म्हणाला, नेल्सन आपल्याला काय म्हणेल? 'ॲमेझॉन' वळलं, पाठ बुरुजाकडे झाली, आणि तिकडून आलेल्या एका गोळ्याने रिऊचे दोन तुकडे केले.

हा रिऊ कोण होता ते बघा. १७८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, ऑस्ट्रेलियातल्या नव्या वसाहतीला सामान घेऊन जाताना, त्याचं 'गार्डियन' जहाज दक्षिणेच्या समुद्रात हिमनगावर आदळलं. तळ फाटला. ज्यांना जायचं त्यांना त्याने होड्या दिल्या, स्वतः हलला नाही, आणि उरलेल्या माणसांनिशी ते बुडणारं जहाज तरंगत ठेवून दोन महिन्यांनी आफ्रिकेच्या टोकाला टेबल बेच्या बंदरात आणलं. असा माणूस. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे, तेही निम्मं. त्याच लढाईत पडलेल्या मॉस नावाच्या दुसऱ्या कप्तानाबरोबर एकाच दगडात. त्याच्यावरून वाक्प्रचार काही निघाला नाही.

वर्गात मी ही गोष्ट इथे थांबवत नसे. मी पुढे पत्राकडे वळायचो, कारण ते मला फार आवडतं. दोन वाजून गेल्यावर डॅनिश तोफा मंदावल्या तेव्हा नेल्सनने त्यांच्या युवराजाला तहाचं पत्र लिहिलं, उभ्या उभ्या, सुकाणूच्या माथ्यावरच्या लाकडी पेटीवर कागद ठेवून. कुणीतरी ते चिकटवायला टिकली पुढे केली. तो म्हणाला, नको, लाख आणा. दिवा आणायला धाडलेला माणूस वाटेतच गोळा लागून मेला. त्याने दुसरा धाडला. मग सावकाश लाख वितळवून, मोठा शिक्का उमटवून पत्र रवाना केलं. घाईत चिकटवलेलं पाकीट पाहून शत्रूला वाटलं असतं, हे टेकीला आलेत. तह झाला. नेल्सनला चौकशीऐवजी बढती मिळाली, पार्करला परत बोलावलं. ज्याच्या जिवावर ती जूट उभी होती तो रशियाचा झार पॉल याचा तर लढाईच्या आठ-दहा दिवस आधीच खून झाला होता. बातमी तेवढी पोचली नव्हती.

पण त्या वर्षी मी पत्रापर्यंत गेलो नाही. वाऱ्याबद्दल बोलली होती तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. "सर, मग रिऊचं काय चुकलं?"

मी म्हटलं, काही नाही चुकलं.

"मग तो का मेला?"

टोल पडला. मी डस्टर उचललं. आमच्या धंद्यात टोल हाच ट्रेक्रोनर.

घरी येऊन विचार करताना मला आपल्याकडचा एकाक्ष आठवला. वामन बळीकडे तीन पावलं जमीन मागतो, बळी दानाचं पाणी सोडायला झारी उचलतो, आणि शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसतात, पाणी पडू नये म्हणून. वामन दर्भाची काडी तोटीत घालतो आणि त्यांचा डोळा जातो. 'झारीतला शुक्राचार्य' ही आपण शिवी करून टाकली. पण त्या सभेत हा बटू कोण आहे हे ओळखलं होतं ते शुक्राचार्यांनीच, आणि त्यांनी ते बळीला तोंडावर सांगितलंही होतं. डोळा गेला तो बघितल्याबद्दल. नेल्सन न बघून मोठा झाला. दोघांचा एकेकच डोळा, आणि दोन भाषांनी दोघांच्या पदरात काय टाकलं ते पाहा.

हे सगळं खरं कितपत, असं कुणी विचारेल. लढाई खरी, एकोणचाळीस खरा, तो न पाळणं खरं. दुर्बीण डोळ्याला लावणं मात्र आठ वर्षांनी, १८०९ मध्ये निघालेल्या नेल्सनच्या मोठ्या चरित्रातून लोकांपुढे आलं, तेव्हा नेल्सन ट्रफाल्गरच्या लढाईत पडून चार वर्षं झाली होती. आणि पार्करने माणूस पाठवून 'जमत नसेल तरच थांब' अशी मुभा दिली होती, असंही एक मत आहे. तसं असेल तर हुकूमच मोडला गेला नाही. वाक्प्रचार या प्रसंगातूनच जन्मला की आधीपासून बोलण्यात होता आणि या प्रसंगाने त्याला गलबतावर चढवलं, यावरही विद्वान भांडतात. इंग्रजांना आपल्या प्रत्येक म्हणीचा बाप खलाशीच असावा असं वाटतं. त्यावर त्यांच्यातच एक विनोद आहे : दिसेल त्या शब्दाला सागरी मूळ चिकटवणारी एक समिती म्हणे आहे, जिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'होडी' असा शब्द तयार होतो. तरी काही वाक्प्रचार खरोखर खारे आहेत. दारू चढून झोकांड्या खाणाऱ्याला ते 'तीन शीटा वाऱ्यावर' म्हणतात. आमचे इंग्रजीचे जुने शिक्षक शीट म्हणजे शीड समजत. शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड फडफडतं आणि गलबत बेवड्यासारखं चालतं. हे मला आमच्या मुख्याध्यापकांकडून नाही, एका तांडेलाकडून कळलं, मी नुसतं चित्र काढून दाखवल्यावर.

आता मार्च. त्याच वर्षीचा.

दहावीची बोर्डाची परीक्षा, भूमितीचा पेपर. तेव्हा आमच्यासारख्या आडगावच्या केंद्रावर आपलेच शिक्षक पर्यवेक्षक असायचे, फक्त आपल्या विषयाच्या दिवशी नाही. मला चार नंबरची खोली मिळाली होती. पश्चिमेच्या खिडक्या. पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल. खिडकीशेजारच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा. दोनदा नापास झालेला, वयाने मोठा, मिशी फुटलेली. बापाच्या जागी खलाशी म्हणून जायचं नाही, कुठेतरी शिपाई म्हणून का होईना लागायचं, आणि त्याला दहावीचा कागद हवा, हे त्याच्या आईने मला भर बाजारात सांगितलेलं. त्याने डाव्या बाहीची घडी उलटली. आत चिठ्ठी. कंपासपेटीच्या झाकणाआड धरून तो प्रमेय उतरवायला लागला.

मला ती चिठ्ठी दिसली. तिच्यावरचं अक्षरही दिसलं, त्याच्या बहिणीचं. मी तिथून दोन पावलांवर उभा होतो. नियमाप्रमाणे मला एकच करायचं होतं. चिठ्ठी घ्यायची, केंद्रसंचालकांना बोलवायचं, पेपर काढून घ्यायचा. तिसऱ्यांदा. मी खिडकीकडे वळलो. हात मागे बांधले आणि बंदर बघत उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. एका जाळ्याला दोन माणसं डांबर लावत होती, ती जाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, एवढा वेळ.

वळलो तेव्हा एक चेहरा माझ्याकडे बघत होता. दोन बाकं सोडून. रिऊबद्दल विचारणारी. तिच्यासमोर पुरवणी कोरी होती, पेन टोपण लावून आडवं ठेवलेलं. तिने आधी त्या मुलाकडे पाहिलं होतं, मग मला खिडकीकडे वळताना पाहिलं होतं, आणि आता मी वळून काय करतो ते बघत होती. मी पुढच्या रांगेत जाऊन कुणाचा तरी बैठक क्रमांक तपासला. तिने टोपण काढलं आणि लिहायला लागली.

तो मुलगा पास झाला, काठावर. चांगला निघाला, आई-बापांना सांभाळतो, मला वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि दरवेळी मला तो नमस्कार घेताना अवघडल्यासारखं होतं. तिचं भूमितीत गेलं. इतर विषयांत साठाच्या वर गुण, भूमितीत गेलं. तिला ते प्रमेय आलं नसेल. कुणालाच सगळी प्रमेयं येत नाहीत. ऑक्टोबरला ती पुन्हा बसली की नाही, मी चौकशी केली नाही.

मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. मी निवृत्त झालो. गेल्या मे महिन्यात, पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकं घ्यायला बंदरावर गेलो. जूनपासून दोन महिने होड्या बंद, तेव्हा सोडे, जवळा, बोंबील आताच भरून ठेवायचे. नव्या पत्र्याच्या शेडमध्ये एका दुकानावर गर्दी होती. गल्ल्यावर ती. मी ओळखायच्या आत तिने ओळखलं.

"या सर. बसा. काय देऊ?"

म्हटलं, अर्धा किलो जवळा, बारीक. तिने टोपलीत हात घालून जवळा वर-खाली केला, खडे-कचरा वाऱ्यावर पाखडला, आणि तराजूत घातला. हात चटचट चालत होते. घर, मुलं, पाठदुखी असं बोलणं झालं. आईचा धंदा तिने चौपट केला होता, दोन होड्यांचा माल तिच्याकडे येत होता. मग तराजूच्या काट्याकडे बघत, मान वर न करता म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी पेपरला तुम्ही खिडकीतून काय बघत होतात?"

कुठला दिवस हे मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत उत्तर तयार करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. तोंडातून पटकन निघून गेलं, "बावटा. बावटा लागलाय का बघत होतो."

काटा स्थिर झाला. तिने जवळा पिशवीत ओतला, पिशवीला गाठ मारली. मग गाठ सोडून वरून आणखी एक मूठ घातली.

"मार्चमध्ये कसला बावटा, सर," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.